लाटा जुळल्या, वारा जुळला नाही

बाबा, तुला लिहायला बसले आणि पहिली अडचण हीच आली की तुला अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र येत होते, शून्यापासून नऊपर्यंत, दशांशाच्या टिंबासकट. टेकडीवरच्या शेतीकेंद्रात तू रोजंदारीवर होतास. खड्डे खणायचास, चिकूच्या कलमांना पाणी घालायचास, बांध घालायचास. मग एक दिवस तिथल्या साहेबांनी तुला तारेच्या कुंपणातल्या त्या चौकोनी जागेत नेलं. तिथे तापमापक ठेवलेली पांढरी झडपांची पेटी होती, पाऊस मोजायचं नळकांडं होतं, आणि दहा फुटांच्या खांबावर वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या होत्या. आधीचा माणूस सोडून गेला होता. साहेबांनी तुला आकडे वाचून दाखवायला सांगितलं आणि तू वाचलेस. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला आणि दुपारी दोनला तू त्या कुंपणात. बाकी दिवसभर खड्डेच. आपल्या पाड्यावर सगळे त्या जागेला हवेचा पिंजरा म्हणायचे, आणि तुला पिंजरेवाला. तुला ते आवडायचं, हे मला आत्ता कळतं, कारण तू कधी कुणाला तसं म्हणू नको म्हणाला नाहीस.

मी काय करते ते तुला सांगायचं राहून गेलं. तू गेलास तेव्हा मी तलासरीच्या वसतिगृहात राहून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि पुढे काय करणार हे मलाच ठाऊक नव्हतं. आता मी एका मोठ्या संस्थेत आहे, घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. आकाशात काही उपग्रह फिरतात. त्यांच्यावर अल्टिमीटर नावाचं यंत्र असतं. ते सरळ खाली समुद्रावर रेडिओचा एक ठोका मारतं आणि परत येणारा ठोका ऐकतं. समुद्र सपाट असेल तर ठोका एकदम परत येतो. लाटा उंच असतील तर आधी लाटांच्या माथ्यावरून येतो, मग खळग्यांतून, म्हणजे थोडा पसरून. त्या पसरण्यावरून लाट किती उंच ते काढतात. वारा काढायची रीत वेगळी. पाणी गुळगुळीत असलं की ठोका पुष्कळसा सरळ वर येतो, वाऱ्याने पाणी खरखरीत झालं की इकडेतिकडे उधळतो आणि वर थोडाच पोचतो. जितका कमी परत येईल तितका वारा जास्त. इतकंच आहे. माझं काम या उपग्रहांची एकमेकांशी तुलना करायचं. दोन उपग्रहांच्या वाटा जिथे जवळजवळ एकाच वेळी एकमेकींना छेदतात तिथे दोघांचे आकडे समोरासमोर ठेवायचे, समुद्रात नांगरलेल्या, तरंगत्या बोयांवरच्या यंत्रांशीही ताडून पाहायचे, आणि कुणाचा आकडा किती वर-खाली करून पुढे द्यायचा ते ठरवायचं. अंदाज बांधणारे आमचे आकडे घेतात. त्यांच्याकडून इशारे निघतात आणि मच्छीमारांच्या मोबाईलवर जातात.

गेल्या वर्षी मला डहाणूला पाठवलं. मी तिकडची म्हणून. किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन इशारे कसे वाचायचे ते समजावून सांगायचं होतं. तू मला पिंजऱ्यापाशी उभं करून झाडांच्या वरून समुद्राची जी पट्टी दाखवायचास, त्याच पट्टीच्या काठावर मी पहिल्यांदा कामासाठी उभी होते. वाढवणच्या बाजूला, जिथे मोठं बंदर व्हायचं आहे आणि मच्छीमारांना ते नको आहे, तिथे गेले तर आधी लोकांनी विचारलं, बंदरवाल्यांकडून आलात का. नाही म्हटल्यावरही थोडा वेळ कुणी बसायला सांगितलं नाही. डहाणूच्या खाडीपाशी मच्छीमारांच्या सोसायटीचा हॉल आहे. तिथे तीस-चाळीस माणसं जमली. मी पडद्यावर नकाशे दाखवले, रंग समजावले. सगळं झाल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील, त्यांच्या घरची बोट होती. त्यांनी जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

"मॅडम, लाटेचं तुम्ही बरोबर सांगता. वाऱ्याचं नाय. वारा येणार म्हणून मेसेज येतो, आम्ही बोट बांधून ठेवतो, भरलेला बर्फ पाणी होतो, आणि वारा येतच नाय. एकदा नाय, किती वेळा. मग माझा दीर म्हणाला, हे रोजचंच आहे. तो गेला. त्या दिवशी मात्र आला वारा. जाळी गेली, त्याचा हात मोडला. आता सांगा, मेसेज वाचायचा की नाय?"

मी तयारीचं उत्तर दिलं. म्हटलं, अंदाज हा अंदाज असतो, आणि आम्ही उपग्रहांचे आकडे बोयांशी ताडून मगच वापरतो. आलेख परत पडद्यावर लावला. बाईंनी आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या कागदावरचा वारा खरा, आणि आमच्या शिडाला लागतो तो खोटा." कुणी हसलं नाही. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. कार्यक्रम संपल्यावर त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर होतं, धुराने पिवळं पडलेलं. ज्या दिवशी वाऱ्याचा मेसेज आला त्या तारखेला त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता, आणि ज्या दिवशी खरोखर वारा आला तिथे फुली. गोल पुष्कळ होते, फुल्या थोड्या. कोपऱ्यात दीर बसला होता. हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हाताने चहा पीत होता. मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो काढले. बाई म्हणाल्या, "बाय, तू आमच्यातली नाय, पण इकडचीच आहेस ना? मग बघ जरा नीट."

परत आल्यावर मी त्या तारखा घेतल्या आणि त्या दिवशी आपल्या किनाऱ्यासमोरून कोणता उपग्रह गेला होता ते शोधलं. उपग्रह रोज एकाच जागेवरून जात नाही, म्हणून थोड्याच तारखा हाती लागल्या. पण त्या थोड्या तारखांत एक गोष्ट स्पष्ट होती. उपग्रहाने मुळात दिलेला वारा बाईंच्या पेन्सिलीशी जुळत होता. आम्ही दुरुस्त करून पुढे दिलेला वारा जुळत नव्हता. आणि लाटा दोन्हीकडे जुळत होत्या. मी दोन दिवस त्या एका वाक्यावर अडून बसले, लाटेचं बरोबर सांगता, वाऱ्याचं नाय. लाटेला लागत नाही आणि वाऱ्यालाच लागतं असं आम्ही काय करतो? मग आठवलं. उंची.

हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुझ्या वाट्या दहा फुटांवर होत्या आणि तू म्हणायचास की साहेबांच्या गच्चीवर चढलं की वारा जास्त लागतो, जमिनीपाशी तो दमलेला असतो. बोयावरचं यंत्रही तुझ्या वाट्यांइतक्याच उंचीवर असतं. उपग्रहाचा वारा मात्र त्याच्या तिप्पट उंचीवरचा धरतात. दोघांची तुलना करायची तर बोयाचा आकडा आधी वरच्या उंचीवर नेऊन, म्हणजे थोडा वाढवून घ्यावा लागतो. आमच्याकडे बोयांचे आकडे दोन ठिकाणांहून यायचे. एका ठिकाणचे कच्चे असायचे, दुसऱ्या ठिकाणचे आधीच वाढवलेले. तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलं नव्हतं. मी दोन्ही वाढवले. त्यामुळे बोयांचा वारा खऱ्यापेक्षा जास्त दिसला, त्यांच्यापुढे उपग्रह कमी सांगतोय असं वाटलं, आणि मी उपग्रहाचा आकडा वर ढकलायचा ठरवला. आपल्या किनाऱ्यासमोरचे बोये नेमके दुसऱ्या प्रकारातले होते. हे सगळं मी केलं, बाबा. दुसऱ्या कुणी नाही. हा हिशोब करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीवर माझं नाव आहे.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी जेवले नाही. मला श्रावणातली एक सकाळ आठवत होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आदल्या दिवशी असा पाऊस झाला होता की ओढा भाताच्या आवणाच्या बांधांवरून वाहत होता. तू पिंजऱ्यात नळकांड्यातलं पाणी मोजत होतास. मोजायचा काचेचा पेला लहान, पाणी पुष्कळ, म्हणून पेला भरायचा, ओतून द्यायचा, परत भरायचा, आणि किती पेले झाले ते तोंडाने मोजत राहायचं. मी धावत टेकडी चढून आले, कारण आपल्या बकरीला दोन पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक पूर्ण पांढरं होतं. मी कुंपणाबाहेरून हाक मारली. तू वळून पाहिलंस, हसलास, मला वाटतं पिल्लाबद्दल काहीतरी विचारलंसही. मग परत पेल्याकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा बदलला. तू पेला खाली ठेवलास. मग वही उचललीस आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे चालू लागलास. मी मागोमाग. दारात उभं राहून तू म्हणालास, "साहेब, मोजताना चुकलो. चार पेले की पाच, ठाऊक नाय." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, अंदाजाने? तू म्हणालास, अंदाज माझा नको. साहेबाने वहीत त्या दिवसापुढे आडवी रेघ मारली, आणि दोन दिवसांनी पिंजऱ्याचं काम तुझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. तू परत दिवसभर खड्ड्यांवर.

मला तुझा किती राग आला होता. पाड्यावरची पोरं चिडवायला लागली, पिंजरा उडाला म्हणून. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तू चुलीपुढे पाय शेकत होतास, आणि मी म्हटलं, चार म्हणून सांगायचं ना, कुणाला कळलं असतं? आईने माझ्याकडे डोळे वटारले. तू रागावला नाहीस. म्हणालास, "मी चार सांगितलं असतं तर पाऊस चार झाला असता का?" आणि परत निखाऱ्यांकडे बघायला लागलास. माझ्या हाकेमुळे तू चुकलास हे तू साहेबाला सांगितलं नाहीस, आईला नाहीस, मलाही नाहीस. मलाच ते समजायला कितीतरी वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा तू नव्हतास. दिवाळीनंतर काम परत तुझ्याकडे आलं, कारण दुसरा कुणी रविवारी टेकडी चढायला तयार नव्हता. ते परत मिळालं त्या आठवड्यात तू डहाणूच्या बाजारात जाऊन मला कॅल्क्युलेटर आणलास. दुकानदाराकडे तू वजाबाकीचं यंत्र मागितलंस, हे तूच हसत हसत सांगितलंस. वाट्यांच्या खाली जो आकडा फिरायचा त्यातून कालचा आकडा वजा करावा लागायचा, आणि तू ते बोटांवर करायचास. तू ते मला दिलंस आणि स्वतः बोटांवरच करत राहिलास.

हे सगळं आठवूनही मला अकरा दिवस लागले. तू त्या सकाळी पेला ठेवलास आणि निघालास. मी अकरा दिवस परत परत तपासत राहिले, म्हणजे तपासायच्या नावाखाली थांबले. कधी वाटायचं फरक थोडासाच आहे. कधी वाटायचं आधी दुसऱ्या समुद्रातल्या बोयांचं पाहू. एकदा तर मी हेही शोधलं की माझ्याशिवाय दुसरं कुणी ती आज्ञावली उघडून पाहण्याची शक्यता किती. फारशी नव्हती. ते कळल्यावर मला जे हायसं वाटलं त्याचीच मला भीती वाटली, आणि बाराव्या दिवशी सकाळी मी आमच्या वरिष्ठांच्या खोलीत गेले.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले, बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले की पुढच्या वर्षी नवीन आवृत्ती येतेच आहे, तीत ही दुरुस्ती आपोआप घालून टाकू, वेगळं पत्रक कशाला काढायचं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. चूक कबूल केली की संस्थेच्या बाकीच्या आकड्यांवरही लोक संशय घेतात. शिवाय नव्या उपग्रहाची तुलना माझ्याकडे येणार होती आणि त्याआधी माझ्या नावावर असं काही नको, असंही ते माझ्या भल्यासाठी म्हणाले. मी उभीच होते. मी म्हटलं, "सर, तोवर वर्षभर लोक चुकीचा इशारा वाचतील. किंवा वाचायचं सोडून देतील, आणि ज्या दिवशी खरंच वारा येईल त्या दिवशी समुद्रात असतील. एकाचा हात मोडलेला मी पाहून आले आहे. पत्रक माझ्या नावाने काढा, पण आत्ता काढा." मग त्यांनी मसुदा लिहून आणायला सांगितला.

मसुद्यात मी आधी लिहिलं होतं, असे निदर्शनास आले आहे की. ते खोडलं. लिहिलं, मी बोयांचे वाऱ्याचे आकडे दोनदा वाढवले, त्यामुळे पुढीलप्रमाणे चूक झाली. सभागृहात सगळ्यांसमोर मी ते वाचून दाखवलं. नव्या उपग्रहाचं काम दुसऱ्या एका मुलीकडे गेलं. ती हुशार आहे, चांगलं करेल. मला मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे पहिल्यापासून परत लावायचं काम मिळालं. कंटाळवाणं काम आहे असं सगळे मला सहानुभूतीने सांगतात. मी रोज सकाळी लवकर येते. प्रत्येक बोयाचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, यंत्र किती उंचीवर आहे ते माझ्या हाताने वहीत लिहिते, आणि मगच पुढे जाते. जे बोये किनाऱ्याच्या फार जवळ आहेत, जिथे उपग्रहाच्या ठोक्यात जमीनही मिसळते, ते वेगळे काढते. ज्या दिवशी मुसळधार पावसाने ठोका गढूळ झाला ते दिवस वेगळे काढते, आणि का काढले तेही लिहिते. जिथे कळत नाही तिथे रेघ मारते. अर्ध्याहून जास्त काम झालं आहे. राहिलेलं पुरं केल्याशिवाय मी दुसरं काही हातात घेणार नाही, आणि ते मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे.

मधे सुट्टी काढून डहाणूला गेले. या वेळी संस्थेने पाठवलं नव्हतं. हॉल मिळाला नाही, म्हणून खाडीच्या कडेला, जिथे बायका बोंबील वाळत घालतात तिथे, ओळीने घातलेल्या बांबूंच्या सावलीत दहा-बारा जण बसलो. मी सांगितलं की चूक आमच्याकडची होती, आमच्यातही माझी, ती अशी झाली आणि आता ती काढली आहे. बाईंचा दीर पुढे बसला होता. त्याचा हात सुटला होता, पण कोपरापासून नीट वळत नव्हता. तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीचा मेसेज बरोबर होता." मी म्हटलं, हो, त्या दिवशीचा बरोबर होता, त्याच्या आधीचे चुकले होते, म्हणून तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. तो मान हलवत राहिला. त्याने मला माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. बाईंनी विचारलं, "मग आता परत मेसेजवर विश्वास ठेवायचा?" मी म्हटलं, लगेच नको. पावसाळ्यानंतर बोटी सुटल्या की दोन महिने कॅलेंडरवर गोल आणि फुल्या करा, मला पाठवा, मग तुम्हीच ठरवा. त्या म्हणाल्या, "पाठवीन. पण चुकलं तर परत बोलवीन तुला." मी येईन म्हटलं. आतापर्यंत दोन पानांचे फोटो आले आहेत. ते मी माझ्या तक्त्यात बोयांच्या शेजारी एका वेगळ्या रकान्यात घातले आहेत. वरिष्ठांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, डहाणूचं निरीक्षण. त्यांनी रकाना काढायला सांगितलं नाही.

तिथून घरी गेले. आई आता थकली आहे, तरी नाचणीचा एक तुकडा अजून स्वतः बघते. मी तिला सगळं सांगितलं, काम काढून घेतलं तेही. तिने इतकंच विचारलं की पगार चालू आहे ना. चालू आहे म्हटल्यावर ती उठून भाकरीला लागली. दुसऱ्या दिवशी मी टेकडी चढून आले. पिंजऱ्याच्या जागी आता आपोआप आकडे पाठवणारं यंत्र आहे. जवळ कुणी माणूस नव्हता.

आणखी एक आहे, आणि ते लिहायचं म्हणूनच बहुधा मी हे सगळं लिहिलं. या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की वडील काय करायचे. समोर पाच माणसं होती, सगळ्यांच्या घरी इंग्रजी बोलत असतील अशी. मी म्हटलं, हवामान खात्यात होते. ते खूश झाले. एकजण म्हणाला, म्हणजे हे घरातूनच आलंय. मी मान डोलावली. तेव्हापासून वरिष्ठ पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून देतात, वडील हवामान खात्यात निरीक्षक होते म्हणून. मी पत्रक वाचायला उठले त्या दिवशीही त्यांनी माझी बाजू सावरायला तेच सांगितलं, की हिच्या वडिलांची शिस्तच तशी होती. मी कागद हातात धरून तिथेच उभी होते. तू रोजंदारीवर खड्डे खणायचास आणि वाचता येत नसताना आकडे वाचायचास, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वाऱ्याची चूक मी सगळ्यांसमोर वाचली, बाबा. ही अजून वाचलेली नाही.